शिवलेलं पान

१

वही जागेवर होती. लाल पुठ्ठ्याची, फळीच्या डाव्या टोकाला, मोठ्या शंखाच्या शेजारी. फक्त ती कोरी होती.

मास्तरांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अंगठ्याखालून सगळी पानं फरफर सोडली. एक अक्षर नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोरी म्हणजे कोरीच. पुठ्ठ्याला अजून डिंकाचा वास येत होता.

बॅग दारातच होती. अंगातला कोटही काढला नव्हता. अडीच तास विमान आणि वर तासभर बस, एवढं सगळं मास्तरांनी एकाच गोष्टीसाठी केलं होतं. बायकोने त्या वहीत शेवटचं काय लिहिलं ते त्यांना वाचायचं होतं. ती जाऊन सात महिने झाले होते.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. शिंप्याचं परदेशात घर आहे हे ऐकून गिऱ्हाईकं हसायची. "अख्खं नाही हो, चौथा हिस्सा," असं सांगून मास्तर टेप गळ्यात टाकायचे आणि विषय बदलायचे.

कल्पना मेहुण्याची. "भाऊजी, एकट्याने समुद्रावर घर घ्यायला तीन जन्म लागतील. चौघांनी घेतलं तर पुढच्या महिन्यात चावी हातात." बहिणीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, लहानपणीच त्याचं नाव चळवळ्या ठेवलं होतं, ते काही उगीच नाही. तिसरा हिस्सा तिच्या मैत्रिणीचा, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा. चौथा एका कंत्राटदारांचा.

घराचे नियम सोपे होते. दर चौथा आठवडा आपला, शनिवार ते शनिवार. प्रत्येकाचं एक कुलपाचं कपाट, प्रत्येकाकडे दाराची एक चावी. प्रत्येक खोलीच्या दारामागे त्या खोलीचा फोटो लावलेला. जाताना सगळं फोटोतल्यासारखं लावून जायचं. आणि वहीत चार ओळी लिहायच्या. नळ गळतोय, बेकरी सोमवारी बंद असते, जे सुचेल ते.

बायको गेल्यापासून मास्तर इकडे फिरकले नव्हते. येणारही नव्हते. पण घर विकायचं निघालं. त्याला चौघांच्याही सह्या लागत होत्या. दहा दिवसांपूर्वी त्यांनी चौघांच्या ग्रुपवर एका बोटाने टाइप केलं होतं: "मी माझ्या आठवड्यात तिकडे जातो. तिने वहीत शेवटचं काय लिहिलं ते वाचतो. मग सही करतो."

तिघांनीही उत्तरादाखल अंगठा पाठवला होता.

मास्तर बसायला वळले आणि तसेच उभे राहिले. वेताची खुर्ची भिंतीला टेकून होती.

दोन वर्षांपूर्वी बायकोने ती खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी नेली होती. चळवळ्या म्हणाला होता, "ताई, फोटोत भिंतीशी आहे." ती म्हणाली, "मग फोटोला बसू दे भिंतीशी. मला इथून ऊन दिसतं." आधी सगळ्यांनी तिची थट्टा केली, मग येणारे एकेक करून तिथेच बसायला लागले. तेव्हापासून ती खुर्ची कुणी भिंतीशी नेली नव्हती. ती गेल्यावरही नाही.

आता मात्र कुणीतरी नेली होती.

२

सकाळी वारा सुटला होता, पण पूर्वेची खिडकी गप्प होती.

ती खिडकी चौकटीत सैल होती. जरा वारा आला की थंडीने दात वाजावेत तशी खडखडायची. बायकोने त्यावर उपाय काढला होता. दुकानातल्या राखाडी गणवेशाच्या कापडाचा तुकडा ती फटीत पाचरीसारखा घालायची. मास्तरांनी खिडकी उघडण्यासाठी तो काढला. त्यांच्याच कात्रीने कापलेला होता. छान चौकोनी घडी घातलेली, कापलेले काठ चारी बाजूंनी आत वळवलेले, एक दोरा बाहेर नाही. कुणीतरी नीट ठेवलाय म्हणून त्यांना बरं वाटलं. त्यांनी तो होता तसा परत बसवला.

मग ते चावीवालीकडे गेले. ही गल्लीच्या टोकाला राहणारी बाई. दर शनिवारी अकराला ती येई, घर पुसून काढी आणि दारामागचे फोटो घेऊन खोलीखोलीतून ताडून पाही. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. म्हणून फोटोपेक्षा जे वेगळं दिसेल त्याचं ती कागदावर चित्र काढी आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या तारेत ओवी. काही हरवलं, फुटलं असेल तर चळवळ्याला फोन करी. फोनवरही ती ओरडून बोले, ओरडलं की समोरच्याला भाषा कळते अशी तिची समजूत होती.

मास्तरांनी तिला आणून फळीपाशी उभं केलं. वही दाखवली. तिने फोटो दाखवला. फोटोत लाल वही, फळीवर लाल वही. तिने खांदे उडवले. मास्तरांनी वही उघडून कोरी पानं दाखवली. आता तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि हातानेच सांगितलं: मी मोजते, उघडत नाही.

म्हणजे हे ज्याने केलं त्याला तिची पद्धत ठाऊक होती. वही नुसती उचलली असती तर शनिवारी तिचं चित्र निघालं असतं आणि फोन गेला असता. म्हणून त्याच रंगाची नवी आणून ठेवली.

ती गेल्यावर मास्तर तारेतले कागद घेऊन बसले. चाळीस वर्षं मापांच्या चिठ्ठ्या चाळलेला माणूस, कागदांना कंटाळत नाही. दर शनिवारच्या कागदावर एक इवलीशी खुर्ची होती. चार पाय, पाठ आणि बाजूला खिडकी. एकदा खुर्ची आणि फुटका कप. एकदा खुर्ची आणि छत्री. जेव्हा कुणीच आलेलं नव्हतं तेव्हाही खुर्ची. दोन वर्षं ती बाई न कंटाळता तीच तक्रार करत होती आणि कुणी तिला दाद देत नव्हतं. मास्तरांना हसू आलं. सात महिन्यांत एकटं असताना आलेलं बहुधा ते पहिलंच हसू.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई राहून गेल्या: खुर्ची. त्यानंतर चळवळ्या राहून गेला: खुर्ची.

शेवटचा कागद कालचा, म्हणजे मास्तर यायच्या काही तास आधीचा. त्यावर काहीही नव्हतं. सगळं फोटोप्रमाणे.

खुर्ची हलली ती गेल्या आठवड्यात. आणि गेला आठवडा होता कंत्राटदारांचा.

३

विक्रीच्या सह्यांसाठी बाकीचे तिघंही मंगळवारी दुपारी आले. सह्यांचा कागद शनिवारी दुपारपर्यंत पाठवायचा होता. चहा झाला, सामान लागलं आणि कंत्राटदारांनी टेबलावर कागद पसरला.

"मास्तर, चार रेघा ओढा आणि मोकळे करा."

"वही मिळाली की लगेच," मास्तर म्हणाले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि ओला झालेला टेबल पुसायला लागल्या.

"वहीसाठी विक्री अडवणार?" कंत्राटदारांचा आवाज चढला. "अहो, अख्ख्या घराला गिऱ्हाईक आलंय, ते दरवर्षी येत नाही. नुसता चौथा हिस्सा विकायला काढला होता मी मागे. काळं कुत्रं विचारत नाही! जो तो म्हणतो, तीन अनोळखी माणसांबरोबर संसार कोण करणार?"

"घेतलं तेव्हा बरे नाचत होतात," चळवळ्या म्हणाला.

"तू नाचवलंस! छपराची दोन कौलं बदलायला चौघांचे होकार लागतात. एक खिळा ठोकायचा तर तीन फोन. ह्या देशाचा कर वेगळा, आपला वेगळा. आणि माझ्या वाट्याला सुट्टीचे दिवस कधी आले सांग. मी मोकळा असतो तेव्हा दुसऱ्याचा आठवडा!"

"आणि फायदे? पाइप फुटला तेव्हा खर्च चौघांत गेला. घर वर्षभर बंद पडून कुजलं नाही. दुसऱ्या कुणी तुम्हाला एवढ्यात समुद्र दिला असता का?"

"समुद्र काय पिऊ? दोन वर्षं पाऊल ठेवलं नाही मी इथे."

मास्तर ऐकत होते. दोघांचंही खरं होतं. बायकोही हेच म्हणायची: हे घर आपलं आहे खरं, पण शनिवारी अकरा वाजेपर्यंत.

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला पायऱ्यांवर गाठलं. "तू निघालास तेव्हा वही होती?"

"होती की. मी दोन ओळी लिहिल्या. गिझर कुरकुरतोय म्हणून."

"आणि तिचं पान?"

चळवळ्या पहिल्यांदाच चुळबुळ न करता बसला. "भाऊजी, ते वाचता येत नव्हतं. दोन पानं एकमेकांना शिवलेली होती. तिन्ही कडांनी. सुई-दोऱ्याने."

"शिवलेली?"

"पाकिटासारखी. वर नाव नव्हतं. पण तिने शिवलेलं उसवणार कोण तुमच्याशिवाय? मी हात नाही लावला. तुम्ही आलात की आपल्या डोळ्यांनी बघाल म्हणून बोललोही नाही." मग हळूच म्हणाला, "तेव्हाच सांगायला हवं होतं."

मास्तरांनी समुद्राकडे पाहिलं. वही नेणाऱ्याने ते शिवलेलं पान जपून ठेवलं होतं की फाडून टाकलं होतं, हेही आता कळायचं होतं.

४

बुधवारी सकाळी मास्तरांनी खुर्ची खिडकीशी नेली, फटीतलं फडकं काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि कंत्राटदारांना हाक मारली. वारा होताच. खिडकी खडखडायला लागली.

"बसा. इथे बरं वाटतं."

कंत्राटदार बसले. खिडकीकडे त्रासून पाहिलं. उठून ती घट्ट लावली, तरी ती वाजतच राहिली. "काय सुतारकाम आहे! चौकट बदलायला पाहिजे ही. मला आधी दाखवली असती तर मी घेऊच दिलं नसतं." बोलता बोलता त्यांनी कट्ट्यावरचं राखाडी फडकं उचललं, त्याने चष्म्याच्या काचा पुसल्या आणि चुरगाळून खाली ठेवलं.

"गेल्या आठवड्यात तुम्ही आला होतात?" मास्तरांनी सरळ विचारलं.

"मी? गेला आठवडाभर साइटवर स्लॅबचं काम चाललं होतं. माझे आठवडे रिकामेच जातात, जगाला ठाऊक आहे." मग त्यांचा चेहरा बदलला. "थांबा. माझ्या आठवड्यात झालं का हे? म्हणजे मी? मास्तर, मी काय तुमच्या बायकोची वही खाणार आहे? मला घर विकायचंय. वही हरवून तर माझंच अडलं!"

हे अगदी खरं होतं. मास्तरांनी मान हलवली.

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. शांत बाई. बोलायच्या कमी, आणि जे बोलायच्या ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून. आज मात्र त्यांची नजर नळाच्या धारेवर होती.

"तुम्ही निघालात तेव्हा खुर्ची कुठे होती?"

"खिडकीशी. आणखी कुठे असणार?"

"आणि वही?"

"फळीवर." त्यांनी पाठीला हात लावला. "फार वाकवत नाही हो हल्ली. मागच्या आठवड्यात परिषद होती, चार दिवस त्या लाकडी खुर्च्यांवर बसून पाठ धरलीय."

"डॉक्टर, मला त्या पानापलीकडे काही नको. तुम्ही तिच्या जवळच्या. तुम्हाला काय वाटतं, तिने काय लिहिलं असेल?"

"मला कसं कळणार," त्या म्हणाल्या. हात पुसलेलं फडकं त्यांनी ओट्यावर पसरलं, चारी काठ आत घेतले, दोनदा दुमडलं, हाताने दाबलं आणि नळाजवळ ठेवलं.

मास्तर बघत उभे राहिले. शिंप्याचा डोळा कापडावरून लवकर सुटत नाही. ही घडी त्यांनी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवायला त्यांना दोन पावलं पुरली. तिसरं पाऊल टाकण्याआधीच ते दाराच्या चौकटीला धरून थांबले.

५

गुरुवारी न्याहारी आटोपली आणि चळवळ्याने तोंड उघडलं. तारेतले कागद त्यानेही चाळले होते.

"साहेब, तुमच्या आठवड्यात खुर्ची हलली. आम्हा तिघांना खिडकीची सवय. फोटो बघून खुर्ची भिंतीला लावणारा माणूस दोन वर्षं इथे न आलेलाच असणार. असा एकच आहे!"

कंत्राटदार लालबुंद झाले. "ए, तोंड सांभाळ!"

"बस रे," मास्तर म्हणाले. "तू निम्मं बरोबर आणि निम्मं घाईत शिवलंयस."

त्यांनी खिशातून राखाडी फडकं काढून टेबलावर ठेवलं. मग शाळेतल्या मुलाला माप समजावून सांगावं तसं ते सावकाश बोलायला लागले.

"वही गेली ती कंत्राटदारांच्या आठवड्यात. हे कागद सांगतात. पण त्यांचा आठवडा रिकामा असतो हे आपल्या चौघांना माहीत आहे आणि चावी चौघांकडे आहे. तेव्हा आठवडा कुणाचा, याला अर्थ नाही."

"पण खुर्ची?" चळवळ्या.

"खुर्ची भिंतीशी दोन कारणांनी जाऊ शकते. एक, माणसाला इथली सवयच नाही. दोन, सवय आहे, पण त्या दिवशी त्याचा स्वतःवर भरवसा नाही. चोरून आलेला माणूस आठवणीवर विसंबत नाही. तो फोटो हातात घेतो आणि शंख, दिवा, वही, खुर्ची असं एकेक ताडून लावतो. आपल्याला चार वर्षं हेच शिकवलंय ना? काही खूण राहू नये म्हणून त्याने सगळं जरा जास्तच बरोबर केलं. दोन वर्षांत एकच कागद कोरा निघाला, तो म्हणूनच."

"दोनांपैकी कुठलं, ते कसं ठरवायचं?" कंत्राटदारांनी विचारलं. आता त्यांनाही गंमत वाटू लागली होती.

"ह्या फडक्याने. हे खिडकीच्या फटीत घालायचं असतं. तुम्ही काल त्याने चष्मा पुसलात."

"मला काय माहीत!"

"तेच म्हणतोय. ज्याला माहीत नाही तो ते लावणार नाही. फोटोतही ते नाही. पण मी आलो तेव्हा खिडकी गप्प होती, फडकं फटीत होतं. म्हणजे आलेला माणूस ह्या खिडकीशी बसणारा. खुर्ची लावताना त्याने फोटो पाहिला, पण खिडकी लावताना हात सवयीने चालला." मास्तर मेहुण्याकडे वळले. "तू निघालास तेव्हा कसं लावलं होतंस?"

"लावायचं काय त्यात? बोळा करून कोंबलं. नेहमीसारखं."

"बरोबर. ती वळकटी करायची, तू बोळा करतोस. मला मात्र घडी मिळाली. म्हणजे तुझ्यानंतर कुणीतरी ते काढलं आणि परत घातलं. अशी घडी."

त्यांनी फडकं पसरलं, चारी काठ आत घेतले, दोनदा दुमडलं आणि हाताने दाबलं.

"शिंपी असं दुमडत नाही. आम्हाला काठ बाहेर दिसावा लागतो, शिवायचा असतो ना. काठ आत लपवायची सवय कुणाला असते याचा मी काल विचार केला. एकही सुटा दोरा बाहेर राहू नये असं कुणाला वाटतं? ज्याचं कापड जखमेवर ठेवायचं असतं त्याला."

नळाजवळ तशाच घडीचं एक फडकं होतं. तिघांच्या नजरा तिकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांच्या कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल वही होती, कोपरे झिजलेली.

"परिषद इथून एका तासावर होती," त्या म्हणाल्या. "पान मी उसवलं नाही, मास्तर. फाडलंही नाही. दोन्ही जमलं नाही."

"का नेलीत?"

"तुम्ही दवाखान्यात मला विचारलं होतं, हे आधी कळलं असतं तर? आणि मी म्हटलं होतं, आम्हालाही आत्ताच कळलं. ते खोटं होतं. त्यांचा आजार मला दोन महिने आधी माहीत होता. त्यांनी मला शपथ घातली होती. इथून परत आल्यावर म्हणाल्या, मी सगळं वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही कधी येणारच नाही असं वाटत होतं. मग तुमचा मेसेज आला."

चळवळ्याने खुर्ची मागे सरकवली. "दोन महिने! आणि आम्ही सगळे..."

"तू गप्प बस," मास्तर म्हणाले. ते डॉक्टरीणबाईंकडे बघत होते. "कळलं असतं तर फरक पडला असता?"

"नाही. तेव्हाच उशीर झाला होता. हे मात्र खरं सांगतेय."

"मग खोटं बोललात ते मी सोडून देतो. वही नेलीत त्याचा मला राग आहे. थोडे दिवस राहील." त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे."

६

मास्तर वही घेऊन खिडकीशी बसले. टाके निळ्या दोऱ्याचे होते, वाकडेतिकडे. चाळीस वर्षं शिंप्याबरोबर संसार करून तिला सरळ टाका कधी जमला नाही. खिशातली छोटी कात्री काढून त्यांनी एकेक टाका उसवला. कागद कुठे फाटू दिला नाही.

"अहो,

टाक्यांना हसू नका. हे वाचताय म्हणजे शेवटी आलात एकदाचे.

मला काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलंय. शाळा सुरू होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ मीच त्यांना घातलीय. दोनशे गणवेश कापून पडलेत. तुम्हाला कळलं असतं तर एक तर कात्री हातात धरली नसतीत, नाही तर बोट कापून घेतलं असतंत. त्या रोज म्हणतात, सांगून टाका. मी ऐकत नाही. तेव्हा त्यांच्यावर चिडायचं नाही. चिडायचं तर माझ्यावर. मी काही उलट बोलणार नाही, ही संधी परत मिळायची नाही.

घर ठेवा किंवा विका, मला त्याचं काही नाही. मी इथे मागे राहणार नाही, तुमच्याबरोबर घरीच येईन. फक्त एकदा अख्खा आठवडा राहा. दोघं आलो ती चारही वेळा तुम्ही बुधवारीच दुकान आठवून पळालात. शनिवार ते शनिवार राहा. आठ वाजता ऊन समोरच्या पायरीवर येतं, ते बघा. दुसरं काही बघण्यासारखं नाही इथे.

फडकं वळकटी करून लावा. चळवळ्यासारखा बोळा नको."

मास्तरांनी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसली नाहीत. मग त्यांनी फडक्याची वळकटी केली आणि फटीत घातली.

बाहेर तिघं वाट बघत होते. "सही शनिवारी करतो," ते म्हणाले. "दुपारपर्यंत मुदत आहे ना? मग आठवडा पुरा करू दे."

शुक्रवारी आणि शनिवारी आठ वाजता ऊन पायरीवर आलं. मास्तर दोन्ही दिवस खुर्चीत होते. शनिवारी डॉक्टरीणबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि कट्ट्यावर टेकल्या. मास्तर जरा सरकून बसले, त्यांना पायरी दिसावी म्हणून.

नऊला त्यांनी सही केली आणि पेन खाली ठेवताना म्हणाले, "ही खुर्ची मी नेतो."

"सामानासकट विकतोय मास्तर," कंत्राटदार म्हणाले. "यादीत आहे ती. आणि चौघांची आहे."

"मग चौघांना विचारतो."

कंत्राटदारांनी खुर्ची उलटी करून पाहिली. एवढ्यात त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "पाय स्क्रूचे आहेत. सुटतील." त्यांनी कुठूनसा पेचकस काढला आणि पाच मिनिटांत चारही पाय काढून टेबलावर मांडले. "चार पाय, चार हिस्सेदार. हा माझा. बॅगेत टाकतो, दुकानात आणून देतो. काय रे चळवळ्या, हे बघ. चार वर्षांत पहिल्यांदा मला माझा हिस्सा हातात मिळाला!"

"तोही देऊन टाकताय," चळवळ्या म्हणाला. त्याने यादीतून खुर्ची खोडली, चौघांनी शेजारी सह्या केल्या आणि त्याने आपला पाय उचलला. तिसरा पाय डॉक्टरीणबाईंनी टॉवेलमध्ये गुंडाळला, काठ आत घेऊन. चौथा पाय आणि वेताची बैठक मास्तरांची. वहीला कुणी हिस्सा सांगितला नाही.

अकराला चावीवाली आली. दारामागचा फोटो काढून खोलीभर फिरली. शंख पाहिला, दिवा पाहिला, लाल कोरी वही पाहिली. मग भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि दारात बॅगा घेऊन उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. मास्तरांच्या काखेतून वेत डोकावत होता.

तिने कागद भिंतीला लावला आणि नेहमीसारखी एक इवलीशी खुर्ची काढली. चार पाय, पाठ, आणि बाजूला खिडकी.